फ्रंट लोड, २६ महिन्यांनंतर: हॅप्पी कोड आधी देऊ नका

घेतल्यावर दोन महिन्यांनी याच वॉशिंग मशीनला मी पाच स्टार दिले होते. धुण्याबद्दल ते अजूनही कायम आहेत. रात्री अकराला लावलं तरी खालच्या मजल्यावरून फोन येत नाही. सात किलो, फ्रंट लोड, बाकीचं सगळ्यांना पाठ आहे. लिहायला बसलोय ते ६४९ रुपयांबद्दल.

वॉरंटी दोन वर्षांची, बिघाड सव्विसाव्या महिन्यात. ऐन जुलै, ड्रममध्ये पाणी, पाण्यात दोन चादरी आणि दार लॉक. कंपनीच्या कॉल सेंटरला फोन लावला. "सर, व्हिजिटिंग चार्ज ५५० प्लस जीएसटी." म्हणजे १८ टक्के धरून ६४९. काही बिघाड निघालाच नाही तर? "तरी लागतील, सर."

दुसऱ्या दिवशी एक पोरगा आला. मशीनच्या खालच्या कोपऱ्यातलं झाकण उघडलं, आतल्या बारीक नळीने पाणी परातीत काढलं, फिल्टर फिरवून बाहेर ओढला. मुलीची केसातली पिन, दोऱ्यांचा गोळा आणि दोन रुपयांचं नाणं. अकरा मिनिटं लागली, मी घड्याळ बघत होतो. नाणं त्याने प्रामाणिकपणे परत दिलं, तेव्हा निव्वळ खर्च ६४७.

मग पावडर काढली. "टँकरचं पाणी ना काका? हीटरवर क्षार बसतात. ४५० ला आहे." क्षार बसतात हे खरंच. आमचं उंड्री २०१७ साली पुणे महापालिकेत गेलं, पण आमच्या सोसायटीत टँकर अजून येतोच. पण रविवार पेठेतून आणलेलं लिंबूसत्त्व टाकून दोन महिन्यांतून एकदा मशीन ६० डिग्रीवर रिकामं चालवलं की तेच काम होतं. पावडर घेतली नाही. पोरगा जरा हिरमुसला. जाताना म्हणाला, "मोबाईलवर हॅप्पी कोड आलाय, तेवढा सांगा." चार आकडे सांगितले. ग्राहक समाधानी असल्याचा हा पुरावा. मी समाधानी आहे का, हे कुणी विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. या वेळी शहाणपणाने फिल्टर स्वतः काढला, बारीक नळी आधी सोडायची विसरलो आणि बाथरूमपासून हॉलपर्यंत पाणी केलं. (बायकोचे शब्द इथे लिहिता येणार नाहीत.) फिल्टर स्वच्छ होता. पंप नुसता गुंऽऽ करत होता.

पुन्हा फोन. तोच बिघाड आहे, महिना झालेला नाही, मग पुन्हा ६४९ कशाचे? "सर, आधीचा कॉल क्लोज आहे. तुम्ही हॅप्पी कोड दिलाय." म्हणजे ते चार आकडे मी माझ्याच गळ्यात बांधून घेतले होते.

इथपर्यंतचं मागच्या रविवारी लिहून ठेवलं होतं आणि सर्व्हिसला एक स्टार ठरवला होता. आता थोडं बदलतो.

दुसरा टेक्निशियन वयाने मोठा होता. पंप उघडून त्याने दाखवलं: आतल्या पंख्याची एक पाती तुटलेली. नाणं अडकलं तेव्हाच तडा गेला असणार, पहिल्याने फिल्टरबरोबर पंखाही हाताने फिरवून बघायला हवा होता, असं तोच म्हणाला. पंप मात्र त्याच्याकडे नव्हता. मागवावा लागणार. आणि तरीही कोड हवा होता, आजचा कॉल उघडा राहिला तर त्याच्या नावावर पेंडिंग दिसतो म्हणून. मी नाही म्हटलं. तो चिडला नाही. चहा घेता घेता म्हणाला, "साहेब, त्या ६४९ मधले माझ्या हातात किती येतात ते विचारू नका. सकाळी मोशीला होतो, पेट्रोल माझं." मोशी ते उंड्री म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं. मी इतके दिवस चुकीच्या माणसाशी घासाघीस करत होतो.

खरी गोम वेगळीच आहे. काम करून घेतलं तर व्हिजिट चार्ज बिलातून वजा होतो. म्हणजे पार्ट बदलला तर सूट, आणि "काही झालं नाही, फिल्टर साफ करत जा" असं खरं सांगितलं तर पूर्ण भुर्दंड. मग कोण कशाला खरं सांगेल? आणि आपणही काही कमी नाही. त्या पहिल्या पोराने एखादा जळका पार्ट हातात ठेवला असता तर ६४९ मला इतके झोंबले नसते, हे कबूल करतो.

कोंढव्याचा मेकॅनिक चेकिंगचे २०० घेतो, काम केलं तर तेही नाही. पण पंपाचे त्याने १,९०० सांगितले आणि तसाच पंप तपकीर गल्लीतल्या, म्हणजे इलेक्ट्रिकच्या बाजारातल्या, एका दुकानदाराने मला १,१०० ला दाखवला. म्हणजे फुकट तोही येत नाही, फक्त पावतीवर लिहीत नाही.

शेवटी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली. दोन दिवसांत कंपनीचा फोन, आवाज एकदम मऊ. सहाव्या दिवशी तोच माणूस पंप घेऊन आला आणि अर्ध्या तासात बसवला. पंप आणि मजुरी मिळून २,३५०, त्यातून दुसऱ्या व्हिजिटचे ६४९ वजा, म्हणजे १,७०१. पहिल्या व्हिजिटचे परत मिळाले नाहीत, त्यावर अजून मेल चालू आहे. एक अख्खी धुलाई ड्रेनपर्यंत बघितली आणि मगच कोड सांगितला. तोपर्यंत तो बिचारा स्टुलावर बसून होता.

मशीनला चार, त्या माणसाला पाच. कंपनीच्या सर्व्हिसचे स्टार पहिल्या ६४९ चा निकाल लागेपर्यंत राखून ठेवलेत. याच मॉडेलचा पंप कुणाला बाहेरून घ्यायचा असेल तर दाराच्या कडेला आतल्या बाजूने जो स्टिकर आहे, त्याचा फोटो काढून न्या. तोंडी सांगितलं तर दुकानदार टॉप लोडचा पंप हातात देतो.