उन्हाळी प्रेमकथा: हातात घ्यावी की कानात? आणि सोबत काय?

ती बासरी वाजवते, तो गिटार. उन्हाळाभर उघड्यावरचे कार्यक्रम, एकत्र प्रवास, आणि मधेच लिहिलं गेलेलं एक गाणं, जे कुणासाठी आहे हे एकाला सोडून बाकी सगळ्यांना कळलेलं असतं. अशा धाटणीची कादंबरी सुट्टीसाठी घ्यायचं ठरलं की पुढचा प्रश्न येतो: छापील घ्यावी की ऑडिओबुक? बहुतेकांचं उत्तर तयारच असतं. गाण्याची गोष्ट आहे, मग ऐकायचीच! मला ते सरसकट पटत नाही.

गाण्याच्या ओळींपासूनच सुरुवात करू. छापील पानावर चार ओळी आल्या की चाल आपण मनातल्या मनात लावतो. ती सुमार असली तरी बिघडत नाही, ऐकणारं दुसरं कोण असतं? ऑडिओबुकात मात्र निवेदकाला काहीतरी ठरवावं लागतं. ओळी नुसत्या वाचल्या, तर ज्या गाण्यानं मैदानभर लोक वेडे झाले असं लेखक सांगतो, ते वाणसामानाच्या यादीसारखं कानावर पडतं. गाऊन दाखवल्या आणि चाल बेताचीच निघाली, तर नायकाच्या प्रतिभेवरचा विश्वासच उडतो. काही ऑडिओबुकांत मुद्दाम संगीत बसवून गाणी घातलेली असतात. ते जमलं असेल तर छापील प्रत त्यापुढे फिकीच पडते.

संवादांचं उलट आहे. एक प्रकरण तिचं, एक त्याचं, अशी मांडणी असेल आणि दोन निवेदक असतील, तर ऐकण्यातच मजा जास्त. रुसवा, अर्ध्यावर सोडलेलं वाक्य, उगाच काढलेला खाकरा, हे सगळं आवाजात आपोआप येतं. पानावर त्यासाठी लेखकाला ‘ती किंचित थांबून म्हणाली’ असं दर वेळी लिहावं लागतं, आणि दहाव्यांदा ते वाचताना आपणही किंचित थांबतो.

वेळेचा हिशेब सोपा आहे. इंग्रजी ऑडिओबुकात मिनिटाला साधारण १५० ते १६० शब्द वाचले जातात, तर मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून इंग्रजी कथासाहित्य मनात वाचण्याचा सरासरी वेग मिनिटाला २६० शब्द असा काढला. म्हणजे ९०,००० शब्दांची कादंबरी वाचून सहा तासांच्या आत संपते, ऐकायला दहाएक तास लागतात.

छापील प्रतीचा आणखी एक फायदा म्हणजे थांबून तपासता येतं. लेखकाला वादकांचं जग खरंच माहीत आहे का, हे उन्हाळ्याच्या प्रसंगांत लगेच उघडं पडतं. हवा तापली की तिच्यातून ध्वनी जास्त वेगानं जातो, दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटरनं. त्यामुळे फुंकून वाजवायच्या वाद्यांचा स्वर चढतो. तापमान १० अंशांनी वाढलं तर शेजारच्या दोन स्वरांमधल्या अंतराच्या पाव भागाहून थोडा जास्तच. गिटारच्या तारा उन्हात प्रसरण पावून सैल होतात आणि स्वर उतरतो. म्हणजे भर उन्हात आपली बासरीवाली वर सरकतेय, गिटारवाला खाली, आणि दोघांनाही वाटतंय की समोरचाच बेसूर आहे. भांडणासाठी याहून चांगला प्रसंग लेखकाला शोधूनही सापडणार नाही! तो न वापरता वाद्यं दिवसभर सुरात ठेवणाऱ्या कादंबरीबद्दल मला जरा शंकाच येते.

आता खाण्यापिण्याचं. छापील पुस्तकात हात अडकतात, ऑडिओबुकात कान. जोडी त्यावरूनच जमवावी.

पुस्तक हातात असेल तर कुरकुरीत काहीही चालेल, फक्त ते तेलकट किंवा चिकट नको. बदाम, कोरडी बिस्किटं, देठासकट द्राक्षं. चॉकलेट मोहात पाडतं, पण त्यातलं कोकोचं लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळतं, आणि उन्हाळ्यात नेमकी चुंबनाची पानं तपकिरी होतात. थंड पेल्याला बाहेरून घाम सुटतो, म्हणून पेय झाकणाच्या बाटलीत घ्यावं.

कानात इअरफोन असतील तर नियम उलटा. कानाचं छिद्र बंद असलं की स्वतःच्या चावण्याचा आवाज कवटीतून येऊन आतच घुमतो. एक वेफर तोंडात टाका, नायिकेचा कबुलीजबाब बुडालाच समजा. इथे मऊ, रसाळ गोष्टी हव्यात: कलिंगडाच्या फोडी, पिकलेला आंबा, दही. हात मोकळे असल्यामुळे चमचाही चालतो. स्पीकरवर ऐकत असाल तर वेफरला माफी. विमानात ऐकणार असाल तर गोडाच्या नादी लागू नका. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांना २०१५ मध्ये असं आढळलं, की विमानाच्या केबिनसारख्या गोंगाटात गोड चव मंद होते आणि उमामी (टोमॅटोत असते तशी खमंग चव) ठळक लागते. तिथे टोमॅटोचा रस मागवावा.

पेयांत माझं मत थंड चहाला. उकळत्या पाण्यात कडक करून बर्फावर ओतला तर पटकन होतो, पण गार होताना गढूळ होऊ शकतो आणि तुरटपणा पुढे येतो. चहापत्ती गार पाण्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली तर चहा नितळ आणि मवाळ उतरतो. छापील कादंबरीच्या एका बैठकीला पहिला पुरतो, दहा तासांच्या ऐकण्याला दुसराच बरा. त्यातलाच थोडा बर्फाच्या साच्यात गोठवला की पेला शेवटपर्यंत पाणचट होत नाही. लिंबू सरबत दोन्हीकडे चालतं. गारव्यानं जिभेला गोडी कमी जाणवते, म्हणून साखर गार झाल्यावर चाखून ठरवावी. वाइन हवीच असेल तर पांढरी, ८ ते १० अंशांवर, आणि छापील प्रतीबरोबर. डुलकी लागली तर पुस्तक तिथेच थांबतं, निवेदक मात्र तीन प्रकरणं पुढे निघून जातो.

अजूनही ठरत नसेल तर ऑडिओबुकचा फुकट नमुना ऐका, त्यात गाण्याची ओळ असेल तर उत्तमच. तो भाग सव्वापट वेगानं वाजवून पाहा. तुम्ही नेहमी वेग वाढवूनच ऐकत असाल आणि तिथे हसू आलं, तर छापील प्रत घ्या.