जुन्या स्पोर्ट्स कारमधले स्वयंचलित सीट बेल्ट : बिघाड आणि दुरुस्तीच्या अंगाने परीक्षण

अमेरिकेत 1980 च्या दशकाच्या अखेरीस आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीस विकल्या गेलेल्या अनेक दोन दारी स्पोर्ट्स कारमध्ये दार लावून किल्ली फिरवली की खांद्यावरचा पट्टा खिडकीच्या वरच्या कडेने आपोआप मागे सरकतो आणि बसणाऱ्याच्या छातीवर येऊन थांबतो. निसान 240एसएक्स, मित्सुबिशी एक्लिप्स आणि फोर्ड प्रोब ही त्यांतली परिचित नावे. या गाड्या आजही हौसेने सांभाळल्या जातात, पण पट्टे अडले की सल्ला बहुधा एकच मिळतो : फ्यूज काढून टाका आणि विसरा. याच वर्गातल्या एका गाडीचे दोन्ही बाजूंचे पट्टे खोलून, तपासून आणि पुन्हा चालते करून घेतल्यावर हा सल्ला मला चुकीचा वाटतो. ही यंत्रणा दिसते तितकी गहन नाही, तिचे बहुतेक बिघाड साध्या मल्टिमीटरने (व्होल्ट आणि ओहम मोजणाऱ्या उपकरणाने) सापडतात आणि चालकाचा जीव जिच्यावर अवलंबून आहे अशी ती वस्तू असल्यामुळे तिला अर्धवट अवस्थेत सोडणे योग्य नाही. आराखडा म्हणून मात्र तिच्यात एक गंभीर उणीव आहे, तिच्याकडे पुढे येतो.

हे पट्टे आले कसे, हे समजले की त्यांची रचना समजायला मदत होते. अमेरिकेच्या परिवहन खात्याने, एलिझाबेथ डोल मंत्री असताना, 1984 मध्ये असा नियम केला की प्रवाशाने स्वतः काहीही न करता त्याचे रक्षण करणारी व्यवस्था मोटारींमध्ये टप्प्याटप्प्याने यावी. सप्टेंबर 1986 पासून दहा टक्के नव्या मोटारींत, पुढच्या दोन वर्षांत पंचवीस आणि चाळीस टक्क्यांत, आणि सप्टेंबर 1989 पासून सर्व मोटारींत. ही अट पुरी करायला एअरबॅग किंवा स्वयंचलित पट्टा यांपैकी काहीही चालत असे, आणि एअरबॅग तेव्हा महाग असल्याने अनेक कंपन्यांनी पट्ट्याचा मार्ग धरला. मोटरने सरकणारा पट्टा टोयोटा क्रेसिडामध्ये 1981 मध्येच आला होता, त्यामुळे नमुना तयार होता. पुढे 1991 च्या कायद्याने पुढच्या दोन्ही आसनांसाठी एअरबॅगा सक्तीच्या करण्याचे ठरले आणि हे पट्टे हळूहळू बाजारातून गेले. म्हणजे आज आपल्या हातात असलेला प्रत्येक संच तीस वर्षांच्या आसपासचा किंवा त्याहून जुना आहे, आणि त्यातले प्लास्टिक, ग्रीस आणि स्विच तितकेच जुने आहेत. तपासणी करताना ही एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी, कारण बहुतेक दोषांचे मूळ वयात आहे.

रचना अशी असते. दाराच्या वर, पुढच्या काचेच्या खांबापासून दाराच्या मागच्या खांबापर्यंत एक धातूची रेल असते. तिच्यात पट्ट्याचे वरचे टोक धरणारी कडी पुढे-मागे सरकते. कडीला ओढणारी दातेरी प्लास्टिकची फीत, किंवा काही गाड्यांत लवचीक केबल, रेलच्या आतून खाली उतरून मागच्या खांबाच्या किंवा मागच्या बाजूच्या आवरणाआड बसवलेल्या मोटरच्या गिअरला जोडलेली असते. रेलच्या दोन्ही टोकांना एकेक लिमिट स्विच असतो, कडी तिथे पोहोचल्याची खबर तो कंट्रोल युनिटला, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीला देतो. किल्लीचा स्विच आणि दाराचा स्विच यांच्याकडूनही युनिटला माहिती मिळते. पट्ट्याचे दुसरे टोक दोन आसनांच्या मधल्या रिळात गुंडाळलेले असते. कमरेचा पट्टा वेगळा असतो आणि तो हातानेच लावावा लागतो.

एवढी रचना डोळ्यांसमोर असली की लक्षणावरून दोषाच्या जवळ जाता येते, आणि याच बाबतीत मी या यंत्रणेला मनापासून चांगले गुण देतो. ती आपला दोष लपवत नाही. दार लावून किल्ली फिरवल्यावर कसलाच आवाज आला नाही, तर मोटरपर्यंत वीज पोहोचत नाही किंवा मोटरच मेली आहे. मोटर गुणगुणते पण कडी जागची हलत नाही, तर फीत तुटली आहे किंवा गिअरचे दात झिजले आहेत. कडी मागे जाते पण दार उघडल्यावर पुढे येत नाही, तर दाराच्या स्विचवर पहिला संशय घ्यावा. कडी टोकाला पोहोचूनही मोटर कण्हत राहते किंवा पट्टा विनाकारण पुन्हा हलू लागतो, तर त्या टोकाचा लिमिट स्विच तपासावा. पट्टा जागेवर आहे पण सूचनादिवा विझत नाही, याचेही कारण बहुधा मागच्या टोकाच्या स्विचमध्ये किंवा कडीवरच्या, आणीबाणीत पट्टा सोडवायच्या बकलच्या स्विचमध्ये सापडते. दोन्ही बाजू एकाच वेळी बंद पडल्या असतील तर एकेका बाजूची मोटर उघडत बसू नये. फ्यूज, अर्थिंग, किल्लीकडून येणारी वायर आणि कंट्रोल युनिट या गोष्टी दोन्ही बाजूंना सामाईक आहेत.

एक बाजू चालू आणि दुसरी बंद असेल, तर ते खरे तर भाग्यच. चालू बाजू हीच उत्तम मार्गदर्शिका असते. तिच्या प्रत्येक जोडणीवरचे व्होल्ट आणि स्विचचे ओहम मोजून कागदावर लिहावेत आणि तीच मोजणी बंद बाजूला करावी. जिथे आकडे जुळेनासे होतात तिथे दोष. कंपनीची मूळ सर्व्हिस पुस्तिका मिळाली तर वायरींचे रंग आणि युनिटच्या पिनांचा क्रम नेमका कळतो, म्हणून ती मिळवावीच. पण पुस्तिका नाही म्हणून काम अडत नाही.

लिमिट स्विचवर थोडे अधिक लिहितो, कारण माझ्या गाडीतला मुख्य दोष तिथेच निघाला. चालकाच्या बाजूचा पट्टा मागे जाऊन थांबे, पण सूचनादिवा मिणमिणत राही आणि खड्ड्यातून गाडी गेली की मोटर क्षणभर किरकिरे. मागच्या खांबावरचे आवरण काढले तेव्हा बोटाच्या पेराएवढा स्विच दिसला. त्याची जोडणी सोडवून मल्टिमीटर लावला आणि पाते दाबले, तर जवळपास शून्य ओहम दिसण्याऐवजी आकडा सारखा नाचत होता, आणि दाब किंचित कमी केला की जोडणीच तुटत होती. स्विच उघडल्यावर तांब्याच्या संपर्कबिंदूंवर काळी पुटे आणि पात्याच्या टोकाला कडी घासून पडलेली चकचकीत खोबण दिसली. कॉन्टॅक्ट क्लीनरने बिंदू पुसले आणि पाते अगदी हलक्या हाताने पूर्वीच्या कोनात आणले, तेव्हा आकडा स्थिर झाला. असा स्विच पुढे पुन्हा त्रास देऊ शकतो, म्हणून त्याच मापाचा नवा मायक्रोस्विच मिळत असेल तर तो बसवणेच श्रेयस्कर. एक इशारा : स्विचची दोन टोके जोडून तो कायमचा बंद अवस्थेत ठेवण्याची युक्ती काही जण सुचवतात, ती करू नये. पट्टा खरोखर जागेवर पोहोचला की नाही, हे कळण्याचा युनिटला दुसरा मार्ग उरत नाही आणि सूचनादिवा खोटे सांगू लागतो.

संथ चालणारा किंवा अर्ध्या वाटेत थबकणारा पट्टा हा दुसरा मोठा प्रकार. त्यात मोटरला दोष देण्याची घाई होते, पण कारण अनेकदा रेलमध्ये असते. मूळचे ग्रीस वाळून मेणासारखे घट्ट होते, त्यावर धूळ आणि छताच्या अस्तराचे तंतू बसतात, आणि कडीच्या प्लास्टिकच्या कडा झिजून ती तिरपी चालू लागते. दाराच्या वरचे आवरण सावकाश काढावे. जुन्या प्लास्टिकच्या क्लिपा थंडीत पटकन तुटतात, म्हणून गाडी उबदार जागी ठेवून हे काम करणे बरे. रेल कोरड्या कापडाने आणि मऊ ब्रशने पूर्ण साफ करावी आणि प्लास्टिकला चालणारे सिलिकोन ग्रीस अगदी पातळ थरात लावावे. गंज सोडवणारे फवाऱ्याचे तेल इथे वापरू नये. सुरुवातीला पट्टा झपाट्याने सरकतो म्हणून समाधान वाटते, पण ते धूळ धरते आणि ओघळून पट्ट्याच्या विणीत उतरते. याच वेळी फीत बाहेर ओढून तिचे दात एकेक करून उजेडात पाहावेत. एखाद्या दाताच्या मुळाशी केसासारखी चीर असेल तर ती फीत बाद समजावी. चिकटवलेली फीत टिकत नाही.

मोटरची परीक्षा सोपी आहे. तिच्या दोन वायरींवर, पट्टा सरकायला हवा त्या क्षणी, बॅटरीइतका विद्युत दाब (व्होल्ट) येतो का ते पाहावे. मागे जाताना आणि पुढे येताना धन-ऋण उलटतात, हे ठाऊक नसले की मीटरवरचे उणे चिन्ह पाहून गोंधळ होतो. दाब येतो पण मोटर फिरत नाही, तर दोष मोटरचा. दाबच येत नाही, तर मागे युनिटकडे सरकावे. मोटर सुटी करून, फ्यूज लावलेल्या वायरीने बॅटरीवरून क्षणभर चालवून पाहता येते, मात्र फीत जोडलेली असताना ती टोकापलीकडे रेटली जाणार नाही याची काळजी घ्यावी. कंट्रोल युनिट बिघडण्याचे प्रमाण लोक सांगतात त्याहून माझ्या मते कमी असावे, कारण बाकी सर्व तपासण्या न करताच ते बदलले जाते. युनिट उघडलेच तर रिलेच्या पायांभोवतीचे झाळकाम भिंगातून पाहावे, तिथल्या गोल चिरा डोळ्यांना दिसतात आणि पुन्हा झाळून दुरुस्त होतात. गाडीत एअरबॅगही असेल, तर तिच्या वायरींना मल्टिमीटर लावू नये आणि काम सुरू करण्यापूर्वी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बॅटरी सोडवून थांबावे.

मोटर चालू झाली की काम संपले असे समजले जाते, आणि इथेच धोका आहे. धडकेच्या वेळी माणसाला धरणारी वस्तू मोटर नव्हे, तर रीळ, वीण आणि कडीवरचे आणीबाणीत सोडवायचे बकल. पट्टा हिसका देऊन ओढला की रिळाने अडकले पाहिजे. काही रिळे हिसक्याने अडकत नाहीत, गाडीच्या वेगातल्या बदलानेच अडकतात, म्हणून त्यांची परीक्षा मोकळ्या जागी, अगदी कमी वेगात ब्रेक दाबून करावी. पट्टा पूर्ण बाहेर काढून कडा उसवल्या आहेत का, उन्हाने रंग उडालेला भाग कडक झाला आहे का ते पाहावे. मळ असेल तर कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरतो. ब्लीच आणि रंग यांनी धागा कमजोर होतो. बकलमधले प्लास्टिक तर खास लक्ष देऊन पाहण्याजोगे आहे. त्या काळातल्या टकाटा कंपनीच्या बकलांचे प्लास्टिक ठिसूळ होऊन तुकडे आत पडतात, या कारणाने 1995 मध्ये अमेरिकेत 80 लाखांहून अधिक वाहने परत बोलावली गेली होती. गाडी घेताना तिच्या क्रमांकावर अशी कोणती दुरुस्ती राहून गेली आहे का, याची चौकशी करणे म्हणूनच गरजेचे आहे.

आता त्या उणिवेबद्दल. खांद्याचा पट्टा आपोआप येतो, पण कमरेचा येत नाही. छातीवर पट्टा आला की आपण बांधलेले आहोत अशी बसणाऱ्याची समजूत होते आणि तो कमरेचा पट्टा लावायचा राहतो. नुसत्या खांद्याच्या पट्ट्यावर धडक झाली तर शरीर खाली आणि पुढे घसरते आणि पट्टा मानेवर किंवा पोटाच्या वरच्या भागावर येऊन जीवघेणी इजा करू शकतो. सुरक्षेसाठी केलेल्या यंत्रणेने सवय बिघडवावी, हा मला तिच्यातला सर्वांत मोठा दोष वाटतो, आणि कितीही दुरुस्ती केली तरी तो जात नाही. माझ्या गाडीत पाहुणा बसला की त्याचा कमरेचा पट्टा लागल्याचे पाहिल्याशिवाय मी गिअर टाकत नाही. लहान मुलांची आसने या पट्ट्यांवर सहसा नीट बांधली जात नाहीत, म्हणून ज्यांना पुढच्या आसनावर तशी गरज पडणार आहे त्यांनी अशी गाडी घेऊ नये.

नवे सुटे भाग कंपन्यांकडून बहुतेक मिळत नाहीत. फीत, कडी आणि स्विच जंकयार्डमधल्या गाडीतून घ्यावे लागतात आणि घेताना तिथेच रेलमध्ये कडी हाताने सरकवून पाहता येते. पट्टा आणि रीळ मात्र धडक झालेल्या गाडीतून कधीही घेऊ नयेत. जुन्या रिळावर नवी वीण बसवून देणारे व्यावसायिक अमेरिकेत आहेत, हा मार्ग खर्चिक असला तरी वापरलेल्या पट्ट्यापेक्षा तो मला पटतो. संपूर्ण यंत्रणा काढून साधे तीन बिंदूंचे, म्हणजे खांदा आणि कंबर एकत्र धरणारे, पट्टे बसवण्याचा विचार करणाऱ्यांनी आधी एकच प्रश्न सोडवावा : दाराच्या मागच्या खांबात वरचे टोक बांधायला कंपनीने बसवलेली, मजबूत केलेली जागा आहे का? कॅनडात स्वयंचलित पट्ट्यांची सक्ती नव्हती, त्यामुळे त्याच मॉडेलची साध्या पट्ट्यांची आवृत्ती तिथे विकली गेली असेल तर तिचे भाग आणि तिची बांधणीची जागा पडताळता येते. पातळ पत्र्याला भोक पाडून बोल्ट मारणे म्हणजे पट्टा नसल्यासारखेच. शिवाय अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार दुरुस्तीच्या व्यवसायाला गाडीतली सुरक्षा यंत्रणा निकामी करता येत नाही. मालकाने स्वतः केलेल्या बदलाला हे कलम लागू नाही, पण वर्कशॉपमध्ये जाऊन "फ्यूज काढून द्या" असे सांगितले तर नकार मिळायला हवा, आणि जो नकार देतो त्याच्याकडेच हे काम दुरुस्तीसाठी सोपवावे.