संग्रह समृद्ध, पण कपाटे जाळीआड

जळगाव जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी असलेल्या या सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी माफक आहे, संग्रह जुना व समृद्ध आहे आणि कर्मचारी अगत्याने वागतात. मात्र इमारतीच्या अंतर्गत मांडणीमुळे त्या संग्रहाचा मोठा भाग वाचकांच्या नजरेसही पडत नाही.

प्रवेशद्वाराशी वृत्तपत्रांचे टेबल आहे. ही जागा योग्यच आहे, कारण बाजाराला आलेली माणसे येथे सहज टेकतात आणि कापसाचे, केळीचे भाव पाहून जातात. त्यापुढे देवघेवीचे काउंटर आडवे येते आणि त्यामागे, जाळीच्या दारापलीकडे, सारी कपाटे आहेत. सभासदाने सूचीत पाहून चिठ्ठी द्यायची व सेवकाने पुस्तक आणायचे, अशी पद्धत असल्यामुळे ज्याला नाव आधीच ठाऊक आहे त्यालाच हवे ते मिळते. इतर जण काउंटरवर परत आलेल्या पुस्तकांतूनच काही उचलतात आणि त्याच त्या कादंबऱ्या गावभर फिरत राहतात. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी तिसरे सूत्र प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा असे सांगते, आणि त्यासाठीच त्यांनी मुक्तद्वार पद्धतीचा, म्हणजे वाचकाने स्वतः कपाटांतून पुस्तक निवडण्याचा, आग्रह धरला होता. येथेही पुस्तकांच्या पाठीवर दशांश वर्गीकरणाचे, म्हणजे विषयवार मांडणीचे, क्रमांक आहेत, मराठी साहित्य ८९१.४६ खाली एकत्र लावलेले आहे. परंतु एक पुस्तक शोधताना शेजारचे दुसरे सापडावे, हा त्या रचनेचा लाभ फक्त सेवकालाच होतो.

अभ्यासिका वरच्या मजल्यावर पत्र्याखाली आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांकडे सरकला की स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी दुपारपूर्वीच खाली येतात आणि वृत्तपत्रांच्या टेबलाशी गप्पांच्या गलक्यात अभ्यास करतात. बाल विभागही वरच आहे. अरुंद जिना चढणे आजी-आजोबांना जमत नाही, म्हणून नातवंडेही येत नाहीत.

पुस्तके चोरीस जाण्याची व्यवस्थापनाची भीती रास्त आहे. तरीही काउंटर दाराशी नेऊन येण्याजाण्याचा तोच एक मार्ग ठेवल्यास जाळी काढता येईल. खिडकीजवळ नव्या खरेदीचे एक कपाट नुकतेच उघडे ठेवले आहे आणि तेथे लोक उभ्याने पाने चाळताना दिसतात. नव्या सभासदांनी आधी ते पाहावे, आणि ग्रंथपालांना विनंती करून एकदा आतल्या कपाटांतूनही अवश्य फिरावे. ते नकार देत नाहीत.