युव्हेआयटिसमध्ये ओसीटी की अँजिओग्राफी?

युव्हेआयटिसमध्ये (डोळ्याच्या आतल्या दाहात) नजर कायमची अधू होण्यामागे मॅक्युलाची, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या, बारीक बघण्याच्या भागाची सूज हे एक मोठं कारण. ती पकडण्यात ओसीटीचा (प्रकाशानं पडद्याचा आडवा छेद दाखवणाऱ्या स्कॅनचा) हात धरणारं दुसरं काही नाही. डाय नाही, सुई नाही. हनुवटी टेकवून क्षणभर स्थिर बघायचं, की पडद्याचे थर काही मायक्रॉनच्या बारकाव्यानं समोर येतात. सूज असेल तर थरांमध्ये काळ्या पोकळ्या दिसतात. पण खरं लक्ष द्यावं ते त्याखालच्या प्रकाशग्राही पेशींच्या उजळ रेघेकडे. ती सलग असेल तर सूज उतरल्यावर नजर सुधारायची आशा बरीच. तुटलेली असेल तर पडदा सपाट होऊनही अक्षरं पुसटच राहू शकतात.

फ्लुरेसिन अँजिओग्राफी (चमकणारा डाय, म्हणजे रंग, टोचून पडद्याच्या रक्तवाहिन्यांचे फोटो) त्या मानानं त्रासाची. हाताच्या शिरेत डाय, मग बराच वेळ फोटो. काहींना मळमळतं, लघवी पिवळी-केशरी होते (घाबरू नये), क्वचित गंभीर अ‍ॅलर्जीही येते. तरीही वाहिन्यांतली गळती दाखवावी तर हिनंच. बेचेट आजारात (यात रक्तवाहिन्यांना दाह होतो) मॅक्युला कोरडा, नजर ६/६, आणि केशवाहिन्यांतून मात्र नेच्याच्या पानासारखी गळती, असंही असतं. रक्तपुरवठा तुटलेले भागही इथे कळतात. अशा डोळ्यात पुढे नाजूक नव्या वाहिन्या फुटून रक्तस्राव होऊ शकतो.

माझा कौल असा: नेहमीच्या भेटींना ओसीटी, पण सुरुवातीला आणि औषध कमी करण्याआधी अँजिओग्राफी, शक्यतो वाइड-फील्ड (पडद्याचा कडेचाही भाग दाखवणारी). डायविना होणारी ओसीटी-अँजिओग्राफी वाहिन्यांचं जाळं दाखवते, गळती नाही.