सीपॅपच्या नळीत पाणी साचतंय: कापडी कव्हर शिवावं की गरम नळी घ्यावी?

सीपॅप म्हणजे झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. थंडीत पहाटे त्याच्या नळीतून हुक्क्यासारखी गुडगुड सुरू होते किंवा मास्कमधून थंडगार थेंब थेट नाकावर पडतो, तेव्हा पहिला संशय मशीनवर जातो. पण मशीन बिघडलेलं नसतं. त्यातला ह्युमिडिफायर पाणी तापवून हवेत वाफ सोडतो. ती ऊबदार, दमट हवा सहा फुटांच्या नळीतून जाताना गार होते आणि वाफेचं पाणी होऊन आत साचतं. ३० अंशांना एक घनमीटर हवेत साधारण ३० ग्रॅम वाफ मावते, १८ अंशांना जेमतेम १५. उरलेली जाणार कुठे?

उपाय तीन: ह्युमिडिफायरच्या ओलाव्याची पातळी कमी करणं, नळीला कापडी कव्हर घालणं, नाहीतर तारेची गरम नळी घेणं. सोलापुरात कुठला घ्यायचा, हे मशीनपेक्षा तुम्ही कुठल्या खोलीत झोपता त्यावर ठरतं.

पातळी कमी करायला पैसा लागत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. काही मशीनवर ती १ ते ५ असते, काहींवर १ ते ८. एकेक आकडा खाली या आणि दोन-तीन रात्री बघा. ही सोयीची सेटिंग आहे, तिला हात लावायला हरकत नाही. प्रेशर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. एप्रिल-मेमध्ये कूलर लावून झोपणाऱ्यांचं काम बहुतेक इथेच भागतं. कूलरने खोलीतली हवा आधीच ओली केलेली असते, मशीन तीच हवा ओढतं, त्यात ह्युमिडिफायर जोरात चालवायचा कशाला? अडचण आहे ती थंडीत. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा पंधराच्या आसपास येतो, हवाही कोरडी असते. पातळी कमी केली तर नाक-घसा कोरडा पडतो, वाढवली तर नळीत पाणी.

कापडी कव्हर इथेच कामाला येतं. ते नळी तापवत नाही, फक्त आतली ऊब धरून ठेवतं. तयार मिळतं, पण सोलापुरात राहून ते बाहेरून मागवणं मला पटत नाही. घरातला एखादा जुना जाड टॉवेल काढा. साध्या नळीचा घेर सात-आठ सेंटिमीटर असतो, म्हणून बारा सेंटिमीटर रुंद पट्टी कापायची, लांबी नळीएवढी. कोपऱ्यावरचा शिंपी एका बाजूला वेल्क्रो लावून देईल, म्हणजे धुवायला काढणं सोपं. चादरीचं कापड मात्र यासाठी नको; ते जड पडतं आणि कुशीवर वळताना मास्क ओढला जातो. मास्कवरची श्वास बाहेर जाण्याची बारीक भोकं कव्हरखाली झाकली जाता कामा नयेत, आणि ऊब राहावी म्हणून मशीनवर पांघरूण टाकणं तर नाहीच.

सोबत दोन फुकटच्या गोष्टी. मशीन गादीच्या पातळीपेक्षा खाली, छोट्या स्टुलावर ठेवा आणि नळीला झोळ पडू देऊ नका, म्हणजे साचलेलं पाणी ह्युमिडिफायरच्या पाण्याच्या चेंबरकडे परत जातं. दुसरं, पंख्याचा झोत थेट नळीवर नको. (पंखा बंद करा म्हणून सांगायची माझी छाती नाही, आपल्याकडे थंडीतही तो हळू का होईना फिरतोच.)

गरम नळीच्या भिंतीतच तापणारी तार असते. रेसमेड कंपनीच्या एअरसेन्स १० या मशीनला लागणाऱ्या नळीत मास्कच्या टोकाशी तापमान मोजणारा सेन्सर असतो आणि १६ ते ३० अंशांमध्ये हवं ते तापमान ठेवता येतं. हवा वाटेत गारच होत नाही, म्हणून ओलावा भरपूर ठेवूनही नळी कोरडी राहते. किंमत साध्या नळीच्या कित्येक पट, आणि तार तुटली की अख्खी नळी बदलायची. ती विजेवर चालते हेही लक्षात घ्या. वळवाच्या पावसात लाइट गेल्यावर मशीन इन्व्हर्टरवर चालवत असाल, तर ह्युमिडिफायर आणि गरम नळी मिळून बॅटरी लवकर उतरवतात. अशा रात्री दोन्ही बंद ठेवून झोपलेलं बरं.

माझं मत विचाराल तर पंखा-कूलरवाल्यांनी गरम नळीचा खर्च करू नये. थंडीचे दोन महिने टॉवेलचं कव्हर निभावून नेतं. पण उन्हाळाभर रात्री एसी २२ वर ठेवून झोपत असाल, तर गणित उलटं होतं. एसी हवा गारही करतो आणि कोरडीही, नाक सुकतं म्हणून ओलावा वाढवावा लागतो, आणि तो गार नळीत पाणी होऊन बसतो. तिथे कव्हर तोकडं पडतं, गरम नळीचे पैसे वसूल होतात. पातळी कमी केली की ज्यांच्या नाकातून रक्त येतं त्यांनीही तीच घ्यावी, पण आधी डॉक्टरांना दाखवून.

मास्कमधलं पाणी मात्र गरम नळीनेही पूर्ण थांबत नाही. तिथे आपल्याच उच्छ्वासाची वाफ असते, आणि तोंडाजवळच्या आखूड नळीत तार नसते. थोडे थेंब राहणारच.

गरम नळी घ्यायचं ठरलंच, तर मशीनच्या मागचं मॉडेल नाव मोबाइलवर फोटो काढून दुकानात न्या. तिचा प्लग ठरावीक मशीनलाच बसतो.