चार सेट, एक टेबल: रिसीव्हचा दिवा कुठून घ्यावा?

कंट्रोल रूमच्या टेबलावर चार-सहा वायरलेस सेट असले, त्यांचे स्पीकर शेजारी शेजारी असले आणि दोन सेट एकदम वाजले, की ऑपरेटरला आवाज येतो पण चॅनल कळत नाही. मग उत्तर भलत्याच माईकवर जातं. प्रत्येक सेटसमोर रिसीव्हचा दिवा असला की ही अडचण बरीचशी मिटते. दिवा लावणं सोपं आहे, पण ‘आता रिसीव्ह चालू आहे’ ही खबर सेटमधून कशी काढायची, ते आधी ठरवावं लागतं. त्यासाठी तीन मार्ग आहेत: स्क्वेल्चची (सिग्नल नसताना स्पीकर गप्प ठेवणारं सर्किट) सीओएस लाइन (कॅरियर ऑपरेटेड स्विच), स्पीकरचा ऑडिओ आणि सेटवरच्या बिझी एलईडीवर (चॅनल चालू असल्याचं दाखवणारी) चिकटवलेला प्रकाश सेन्सर.

सीओएस लाइन (काही जण सीओआर म्हणतात)

स्क्वेल्च उघडला की या पिनवरचा व्होल्टेज बदलतो. व्हॉल्यूमचा याच्याशी काही संबंध नाही. समोरचा बटण दाबून गप्प राहिला तरी दिवा पेटतो. सेटवर ही पिन असेल तर दुसरा मार्ग शोधू नये.

मोटोरोला जीएम३०० च्या मागच्या १६ पिनी कनेक्टरवर पिन ८ प्रोग्रॅम करून या कामाला लावता येते. ग्राउंड पिन ७ वर. यासू एफटी-८९०० किंवा केनवुड टीएम-व्ही७१ सारख्या हॅम (हौशी रेडिओच्या) सेटवर ६ पिनी मिनी-डिन डेटा सॉकेटची पिन ६ स्क्वेल्चची. मोटोट्रबो मोबाइल (गाडीत बसवायच्या) सेटच्या मागच्या २६ पिनी कनेक्टरवरची पिन सॉफ्टवेअरमधून नेमावी लागते. तिथे नुसता कॅरियर डिटेक्ट (कुठलाही सिग्नल आला की बदलणारा आउटपुट) घेऊ नका: डीएमआरच्या (या सेटांची डिजिटल पद्धत) एका फ्रिक्वेन्सीवर दोन टाइमस्लॉट (आळीपाळीचे वेळेचे भाग) असतात, त्यामुळे दुसऱ्या स्लॉटवरच्या बोलण्यालाही दिवा पेटतो. टॉकग्रुप डिटेक्ट (आपल्या गटाचा कॉल आला तरच बदलणारा) घ्या. ॲनालॉगवरही चॅनल वाटून घेतलेला असेल तर सीटीसीएसएस टोन (आपल्या गटाच्या बोलण्याखाली लपलेला ओळखीचा सूर) ओळखल्यावरच बदलणारा आउटपुट हवा, नाहीतर शेजाऱ्यांच्या गप्पांना दिवा दिवसभर पेटत राहील.

जोडण्याआधी मल्टिमीटर लावा. शांत असताना किती व्होल्ट, मॉनिटर बटण दाबून स्क्वेल्च उघडल्यावर किती, हे टिपून ठेवा. ५ वरून ० वर आला तर ॲक्टिव्ह-लो, उलट झालं तर ॲक्टिव्ह-हाय. दोन्ही वेळी काहीच दिसलं नाही तर पिन ओपन-कलेक्टर (स्वतः व्होल्टेज न देता फक्त ग्राउंडला जोडणारी) असू शकते. ५ व्होल्टकडे १० के (किलो-ओहम) रेझिस्टर लावून पुन्हा मोजा. तरीही हलत नसेल तर मॉनिटरवर भरवसा न ठेवता हँडसेटवरून त्या चॅनलवर बोलून पाहा.

इथे सर्वाधिक होणारी चूक म्हणजे १२ व्होल्टवरून एलईडी आणि रेझिस्टर थेट या पिनकडे आणणं. आतली पिन ५ किंवा ३.३ व्होल्टच्या लॉजिकची असते, तिच्यावर १२ व्होल्ट गेले की नुकसान सेटचं होतं. मधे ट्रान्झिस्टर घाला. ॲक्टिव्ह-हाय असेल तर बीसी५४७: बेसला १० के, बेस ते एमिटर ४७ के, कलेक्टरकडे १.२ के आणि एलईडी १३.८ व्होल्टवरून, करंट साधारण १० मिलीअँप. ॲक्टिव्ह-लो असेल तर बीसी५५७, पण एमिटर ५ व्होल्टलाच बांधा, १२ ला नाही. कलेक्टरला ३३० ओहम आणि एलईडी. पॅनेलचा पुरवठा वेगळ्या ॲडॉप्टरवरून असेल आणि जोडल्यावर ऑडिओत गुणगुण आली तर बीसी५५७ च्या जागी पीसी८१७ ऑप्टोकपलर (प्रकाशातून खबर देऊन दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा) घाला. फक्त त्याच्या आतल्या एलईडीला काही मिलीअँप लागतात. सेटची पिन तेवढा भार घेते की नाही ते आधी मॅन्युअलमध्ये पाहा.

स्पीकरचा ऑडिओ

सीओएस पिनच नसलेल्या जुन्या सेटला हा मार्ग. ६००:६०० ओहमचा छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर, १एन५८१९ डायोड, १० मायक्रोफॅरड आणि त्याला समांतर १०० के, मग एलएम३३९. एका आयसीत चार कंपॅरेटर (दोन व्होल्टेज ताडून पाहणारे) असल्याने चार सेट एकातच बसतात. १० मायक्रोफॅरड आणि १०० के यांची धारणा एक सेकंदाची, म्हणून दोन शब्दांमधल्या थांब्यात दिवा लुकलुकत नाही.

ट्रान्सफॉर्मर वगळून पैसे वाचवू नका. कित्येक मोबाइल सेटांचा स्पीकर आउटपुट ब्रिज पद्धतीचा असतो, दोन्ही तारा ग्राउंडपासून वर. त्यातली एक ग्राउंडला लागली की ऑडिओ ॲम्प्लिफायर जाऊ शकतो.

खरी अडचण दुसरीच आहे: रात्रपाळीच्या ऑपरेटरने आवाज कमी केला की दिवाही जातो, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा. डिस्क्रिमिनेटर आउटपुटवरून (स्क्वेल्च आणि व्हॉल्यूमच्या आधीचा ऑडिओ) घेऊनही सुटका नाही. सिग्नल नसताना तिथे सतत खरखर असते आणि दिवा कायम पेटलेला राहतो.

बिझी एलईडीवर सेन्सर

भाड्याचा किंवा वॉरंटीतला सेट असेल, मागचं कनेक्टर दुसऱ्या कुणी अडवलं असेल, तर फोटोट्रान्झिस्टर (हाच प्रकाश सेन्सर) काळ्या हीट-श्रिंकमध्ये घालून सेटच्या एलईडीवर बसवतात. अनेक सेटांत तीच एलईडी रिसीव्हला हिरवी आणि ट्रान्समिटला लाल असते, त्यामुळे आपला दिवा दोन्हीला पेटतो. स्कॅनिंगमध्येही लुकलुक होते. तात्पुरत्या मांडणीला ठीक.

बोलणं संपल्यावर

मार्ग कोणताही निवडा, ‘शेवटचा कोण बोलला’ हे दाखवणारा अंबर दिवा जरूर घ्या. ऑपरेटर मान वर करेपर्यंत तीन सेकंदांचा कॉल संपलेला असतो. ५५५ टायमर ५ व्होल्टवर, १०० के आणि १०० मायक्रोफॅरड, ट्रिगरला ॲक्टिव्ह-लो सीओएस. साध्या मोनोस्टेबलमध्ये (ट्रिगर झाल्यावर ठरावीक वेळ चालू राहणारी मांडणी) एक खोच आहे: कॉल ११ सेकंदांपेक्षा लांबला तर वेळ कॉल चालू असतानाच संपते आणि कॉल थांबताक्षणी अंबर विझतो. म्हणून बीसी५५७ चा एमिटर कपॅसिटरला, कलेक्टर ग्राउंडला, बेस १० के मधून ट्रिगरला जोडा. कॉल चालू असेपर्यंत कपॅसिटर रिकामा राहतो आणि मोजणी बोलणं संपल्यावर सुरू होते, साधारण १० सेकंद.

हेच काम आर्डुइनो नॅनोवर सहा सेटांसाठी एकदम होतं. तरी रिसीव्हचा हिरवा दिवा थेट ट्रान्झिस्टरवरच ठेवा. बोर्ड अडकला तर निदान चालू कॉल तरी दिसेल.

लाल रंग ट्रान्समिटला राखून ठेवा. ५ मिमीची एलईडी ट्यूबलाइटखाली फिकी पडते. २२ मिमीचा पॅनेल इंडिकेटर घेतलात तर तो १२ व्होल्ट डीसीचाच पाहून घ्या.

सगळं जोडून झाल्यावर एका सेटवर ट्रान्समिट करा आणि बाकीचे दिवे पाहा. एखादा लुकलुकला तर त्या सेटची अँटेना काढून ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) लावा. लुकलुक थांबली तर दिवा खरं बोलतोय: शेजारच्या अँटेनाने त्या सेटचा स्क्वेल्च उघडतोय, अँटेनांमधलं अंतर वाढवावं लागेल. चालूच राहिली तर आरएफ (रेडिओ लहरी) तारेतून येतंय. ट्रान्झिस्टरच्या बेसपाशी १ नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर ग्राउंडला द्या आणि तारेवर फेराइट (चुंबकीय कडं) चढवा.