संभाजीनगरचा स्क्रॅबल क्लब: फी वाढली, टाइल्स त्याच

दिवाळीनंतर क्लबनं महिन्याची फी 300 वरून 400 केली, म्हणून हे लिहायला बसलो. नाहीतर एवढा उत्साह कुणाला असतो?

सिडकोत एका क्लासच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी डाव लागतात. खेळ सगळ्यांना माहीतच आहे: पिशवीतून अक्षरांच्या टाइल्स काढायच्या आणि बोर्डावर इंग्रजी शब्द लावून गुण मिळवायचे. जास्त समजावत बसत नाही. घरच्या खेळात आणि इथल्यात मोठा फरक घड्याळाचा. प्रत्येकाला 25 मिनिटं, त्यापुढे मिनिटाला 10 गुण कट. कोणते शब्द चालतात ते ठरवायला कॉलिन्स डिक्शनरीवाल्यांची यादी, आणि तिच्यात दोन अक्षरी शब्दच 127. समोरच्यानं ‘क्यूआय’ (QI) किंवा ‘झेडए’ (ZA) ठेवून गुण नेले की सुरुवातीला माझं डोकं फिरायचं. हे काय इंग्रजी झालं? पण 10 गुणांचा क्यू शेवटपर्यंत रॅकवर, म्हणजे टाइल्स ठेवायच्या पट्टीवर, बसून राहिला, त्याच्यासोबत लागणारा यू कुठं दिसेना, तेव्हा तोच ‘क्यूआय’ देवासारखा धावून आला. आता यादी पाठ करतोय. शेवटी न्यूझीलंडचा स्क्रॅबलपटू नायजेल रिचर्ड्सनं 2015 मध्ये फ्रेंच बोलता येत नसताना फ्रेंच स्क्रॅबलचं जगज्जेतेपद मारलंच की. आमच्याकडंही पुढं असतात ते गणिताचे सर, इंग्रजीचे नाहीत.

माणसं चांगली आहेत. जालन्याहून एक काका रेल्वेनं येतात, हरले तरी पोहे खाऊनच जातात. चहा बरा. पंखे दोन, त्यातला एक नुसता आवाज करतो. मे महिन्यात त्या हॉलमध्ये बसणं ही वेगळीच स्पर्धा.

आता टाइल्स. क्लबच्या टाइल्स लाकडी, अक्षर कोरलेल्या. 100 पैकी 2 ब्लँक, म्हणजे कुठल्याही अक्षराच्या जागी चालणाऱ्या, आणि ब्लँकवर काहीच कोरलेलं नसतं. म्हणजे पिशवीत अंगठा फिरवला की कळतं. म्हणूनच स्पर्धांमध्ये गुळगुळीत टाइल्स वापरतात आणि पिशवी नजरेच्या वर धरायला लावतात. इथं पिशवी मांडीवर! एका डावात शेवटच्या आठ-दहा टाइल्स उरल्या होत्या. समोरच्याचा हात आत, अंगठा हळूहळू चालू, नजर छताकडे. बाजूचा पोरगा शेवटी म्हणाला, “काका, किती वेळ चाचपडायलाव?” हात बाहेर आला तो ब्लँक घेऊन. पुढच्याच चालीला ‘रिटेन्स’ लागला, सातही टाइल्स एकदम लावल्याचा 50 चा बोनस धरून 70 च्या पुढे. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण शंका घ्यायला जागाच कशाला ठेवायची?

चालकांना सांगितलं, तर म्हणे हॉलचं भाडं वाढलंय, टाइल्सचं पुढच्या वर्षी बघू. फी मात्र याच वर्षी! मग मीच गुळगुळीत सेट मागवला आणि फीमधून वळता करा म्हणालो. उत्तर आलं, “देणगी समजा ना सर.” देणगी कसली? डाव संपला की टाइल्स मोजतो, डब्यात भरतो, घरी नेतो. गंमत म्हणजे आता माझ्याच बोर्डावर नंबर लावतात, आणि ते जालन्याचे काका तर आल्या आल्या विचारतात, “डबा आणलाव का?”

शिकायचं असेल तर क्लब चांगला आहे, 400 पण परवडतात. यादी पाठ असलेली माणसं समोर बसली की मोबाईलवर खेळून येत नाही ते इथं येतं. वर्षाचे एकदम भरले तर 4000 घेतात, 800 वाचतात. तरी मी महिन्याचेच भरतोय. क्लबनं स्वतःच्या टाइल्स आणल्या की वर्षाचे भरीन.